आधी आई दाखवा

ह्या दिवाळीत ज्या घरी फराळाच्या ताटाबरोबर एक गुबगुबीत पिल्लूही येणार आहे, त्या घराशी माझे भांडण आहे. सणासुदीला भांडण उकरून काढणे शोभत नाही हे मला कळते. परंतु पिल्ले विकली जातात ती सणासुदीलाच, वाढदिवसालाच, परीक्षेत नंबर आला म्हणूनच! मग भांडायचे तरी केव्हा? पाडव्याला नवऱ्याने बायकोला, भाऊबिजेला भावाने बहिणीला आणि आजोबांनी नातवाला सोनेरी केसांचे, निळ्या डोळ्यांचे किंवा चपट्या नाकाचे काहीतरी जिवंत आणून द्यायचे, त्याच्या गळ्यात लाल फीत बांधायची आणि चार घरांत पेढे वाटायचे, अशी आमच्या खराडीत आता रीतच पडू पाहते आहे.

मी शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपुरते, म्हणजे हल्लीच्या भाषेत दहावी. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. जनावरांचा डॉक्टर नव्हे, की कुठल्या प्राणिमित्र मंडळाचा सभासद नव्हे. कुत्र्यांच्या ह्या बाजाराकडे माझे लक्ष गेले ते मुलांच्या वह्यांमुळे. ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध मी वीस वर्षे तपासतो आहे. पूर्वी त्यात एक मोती असे. तो रंगाने तांबूस असे, शेपूट वाकडी असे, आणि तो चोरापासून घराचे रक्षण करीत असे. मग घरात चोराने नेण्यासारखे काही असो वा नसो. आता त्याच निबंधात हस्की येतो, शित्झू येतो, पग येतो, आणि निबंधाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाक्यात त्याची किंमत येते. “आमच्या रॉकीला बाबांनी पंचवीस हजारांना आणले.” मोतीची किंमत कुठल्याही मुलाने कधी लिहिली नव्हती. त्याला ती नव्हतीच.

खराडी म्हणजे मुळा-मुठेच्या काठचे गाव. गेल्या शतकाच्या शेवटी महापालिकेच्या हद्दीत आले, आणि बघता बघता ज्वारीच्या रानात काचेच्या इमारती उगवल्या. त्या इमारतींत काम करणारी माणसे चांगली आहेत, कष्टाळू आहेत, बहुतेक गाव सोडून आलेली आहेत. आणि दहाव्या-बाराव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या वाढणाऱ्या मुलाला सोबत हवी हे त्यांचे म्हणणे अगदी खरे आहे. माझा त्या मायेवर आक्षेप नाही. माझा आक्षेप आहे तो एका प्रश्नावर, जो ही सुशिक्षित, चौकस माणसे दूध घेताना विचारतात, तांदूळ घेताना विचारतात, फ्लॅट घेताना तर वकील लावून विचारतात, आणि पिल्लू घेताना मात्र विचारत नाहीत: हे आले कुठून?

गेल्या उन्हाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी मला बरोबर नेले. “सर, चला. तुम्हाला घासाघीस चांगली जमते.” शहराच्या बाहेर, हमरस्त्यापासून आत, एक घर होते, गावाचे आणि माणसाचे नाव इथे सांगत नाही. पुढची खोली स्वच्छ. फरशी पुसलेली, पंखा चालू, आणि प्लॅस्टिकच्या टोपलीत टॉवेलवर पाच लॅब्रेडॉरची पिल्ले, पावडर लावलेली. “पंचेचाळीस दिवसांची आहेत साहेब, दोन इंजेक्शनं झालेली.” पिल्लाच्या तोंडात बोट घातले तर दात नुकते कुठे टोचू लागले होते. मी विचारले, “ह्यांची आई कुठे आहे?”

“आई फार्मवर असते.”

“फार्म कुठे?”

“लांब आहे सर.”

“आणि बाप?”

“बापाचा फोटो दाखवतो ना. चॅम्पियन आहे.”

पाणी पिण्याच्या निमित्ताने मी मागच्या अंगाला गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये एकावर एक असे लोखंडी पिंजरे होते. खालच्या एका पिंजऱ्यात ती होती. पिंजऱ्याच्या तळाला फळी नव्हती, जाळीच होती. त्या जाळीवर बसून बसून तिच्या कोपरांवरचे केस गेले होते, नखे वाढून वळली होती, आणि स्तन जमिनीला टेकत होते. ती भुंकली नाही. लॅब्रेडॉर अनोळखी माणसाकडे शेपूट हलवीत धावतो अशी त्याची ख्याती. हिने मान वर केली आणि पुन्हा खाली ठेवली. माझ्या मागोमाग आलेल्या पोऱ्याला विचारले, तर म्हणाला, तीन वर्षांची आहे, हे पाचवे वेत.

मी परत येऊन त्या गृहस्थांना बाजूला घेतले आणि “इथून नको” म्हणालो. पण तोवर मुलगी गाडीत जाऊन बसली होती आणि पिल्लू तिच्या मांडीवर होते. सौदा साडेसहा हजारांना झाला. चौथ्या दिवशी पिल्लाला रक्ताची हगवण लागली, सहाव्या दिवशी ते गेले. डॉक्टरांनी निदान केले पार्व्होचे. ह्या रोगाचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसायला साधारण चार-पाच दिवस लागतात, म्हणजे पिल्लू रोग घेऊनच टोपलीतून निघाले होते. विकणाऱ्याला फोन केला तेव्हा तो मुळीच रागावला नाही. “दुसरं घेऊन जा साहेब, निम्म्या किमतीत देतो,” म्हणाला. पिंजऱ्यातली ती कुत्री सहाव्यांदा गाभण राहील, तेव्हा हा निम्मा दर भरून निघेल, इतका साधा हिशेब!

आता कुणी म्हणेल, मास्तर, एका भामट्यावरून साऱ्या धंद्याला नावे ठेवता. तर मग कायदाच पाहू. केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री ह्यांविषयी नियम काढले. पैदास करणाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. मादी अठरा महिन्यांची होण्यापूर्वी तिला नर दाखवायचा नाही. वर्षातून एकच वेत, आणि साऱ्या आयुष्यात पाचांहून अधिक नाहीत. आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकायचे नाही. हे नियम कुठल्या भावनाप्रधान माणसाने गादीवर लोळून लिहिलेले नाहीत. त्यामागे शरीराचा रोकडा हिशेब आहे. कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते. त्रेसष्ट दिवस ती पिल्ले पोटात वागवते, पुढे सहा-सात आठवडे अंगावर पाजते. दोन्ही माजांना तिला नर दाखवला, तर वर्षातले सव्वादोनशे दिवस ती एक तर गाभण असते किंवा ओली असते. उरलेल्या दिवसांत तिने हाडांत चुना भरून घ्यायचा! आणि आठ आठवडे कशासाठी? तर आईच्या दुधातून आलेली रोगप्रतिकाराची शक्ती, आणि भावंडांशी झोंबताना ‘इतके चावले की दुखते’ हे कळण्याची अक्कल, ह्या दोन्ही गोष्टी पिल्लाला त्याच दिवसांत मिळतात. तीस दिवसांचे पिल्लू टोपलीत गोजिरे दिसते म्हणून विकले जाते. वर्षाने तेच घरातल्या पाहुण्याला चावते, आणि मग म्हणायचे की जातच वाईट.

आमच्या शंभर घरांच्या वस्तीत जातिवंत कुत्री मी मोजली नाहीत, पण ज्यांना ज्यांना विचारले त्यांपैकी एकानेही विकणाऱ्याची नोंदणी पाहिलेली नव्हती. नियम आहेत हेही ठाऊक नव्हते. आणि सरकारनेही धाक असा ठेवला आहे की हसावे की रडावे कळू नये. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६०चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. १९६० साली पन्नास रुपयांत एखाद्या कुटुंबाचा महिन्याचा किराणा येत असेल. आज त्या पैशांत आमच्या चौकात दोन वडापावही धड येत नाहीत. दंड तसाच आहे. पिंजऱ्यातल्या त्या कुत्रीची किंमत आपण सर्वांनी मिळून ठरवली आहे, ती ही.

ह्यावर दुकानदाराचे ठरीव उत्तर असते: “आमच्याकडे कागद आहेत.” पिल्लू कागदांसह एका भावाने, कागदांविना दुसऱ्या भावाने. हा कागद म्हणजे काय ते एकदा समजून घेतले पाहिजे. चेन्नईत केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था आहे. पिल्लाचे आईबाप, आजेपणजे कोण ह्याची ती नोंद ठेवते. नोंद ठेवणे चांगलेच काम आहे. पण तो कागद म्हणजे फक्त वंशावळ. आईचा खुबा निखळतो का, बापाला हृदयाचा विकार आहे का, पिल्लू जन्मले ते फरशीवर की जाळीवर, ह्यातले अवाक्षर त्यात नसते. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड ह्या दोन्ही जातींत खुब्याचा सांधा बिघडण्याचा रोग आईबापांकडून उतरतो. त्यासाठी जोडी लावण्यापूर्वी दोघांचे एक्स-रे काढून पाहतात. सचोटीचा माणूस ते एक्स-रे आपण होऊन पुढे ठेवतो. आमचा गिऱ्हाईक मात्र त्यांऐवजी बापाचा चषक हातात घेतलेला फोटो पाहतो आणि प्रसन्न होतो.

आणि ‘शुद्ध रक्त’! ह्या शब्दाची तर आपल्याला फार जुनी खोड. माणसांच्या लग्नात आम्ही पत्रिका मांडून सगोत्र टाळतो; कुत्र्यांच्या लग्नात सख्ख्या भावाबहिणीची, बापलेकीची गाठ घालतो आणि वर त्याला ‘ओरिजिनल लाईन’ म्हणतो. ज्या इंग्रजांकडून आपण ही हौस उचलली, त्यांच्याकडे २००८ साली बीबीसीने ह्याच विषयावर एक माहितीपट दाखवला. तिथल्या जातिवंत कुत्र्यांचे झटके, वेडीवाकडी हाडे, न मावणाऱ्या कवटीतले मेंदू लोकांनी पडद्यावर पाहिले, आणि इतका गदारोळ झाला की क्रफ्ट्स हे त्यांचे जगप्रसिद्ध श्वानप्रदर्शन दाखवणे बीबीसीने बंद केले. त्याच वर्षी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला होता, की ब्रिटनमधल्या दहा हजार पगांत मिळून आनुवंशिक विविधता आहे ती अवघ्या पन्नास कुत्र्यांएवढी. दहा हजार डोकी आणि पन्नासांचे रक्त! नॉर्वेत तर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०२३ साली त्या न्यायालयाने कॅव्हेलियर ह्या लाडक्या जातीची शुद्ध पैदास प्राणिकल्याणाच्या कायद्याविरुद्ध ठरवली.

आपल्याकडे पग आला तो टेलिफोनच्या तारेवरून. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत एक पग एका पोराच्या मागे मागे चालला, आणि साऱ्या देशाला तो हवासा झाला. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि अंगातली उष्णता बाहेर टाकतो. पगाचे नाक माणसाने पिढ्यान्‌पिढ्या आत ढकलत नेले, तेव्हा ही एकुलती एक खिडकीही बोळा कोंबल्यासारखी झाली. तो झोपेत घोरतो त्याचे आपण कौतुक करतो; तो घोरत नाही, श्वासासाठी झगडतो. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला भिडतो. त्या उन्हात सकाळी नऊ वाजता आमच्या नदीकाठच्या रस्त्यावर मालक धावतो आणि मागून पग ओढत नेला जातो. हस्कीचे सांगायलाच नको. सैबेरियातल्या बर्फासाठी निसर्गाने त्याला दुहेरी रजई पांघरवली, आणि आम्ही त्याला खराडीत आणून त्याच्यासाठी वातानुकूलन यंत्र लावले. लाईट गेली की त्याने काय करायचे?

इथे दुसऱ्या बाजूच्या मंडळींशीही माझे वाजते. ते म्हणतात, पिल्लू विकत घेणे हेच पाप. रस्त्यावरचे उचला, बाकी सारे बंद करा. रस्त्यावरचे उचलणाराला माझा नमस्कार. पण सरसकट बंदीने काय होते ते आपण पाहिले आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये एका पत्रकाने पिटबुल, रॉटवायलर वगैरे तेवीस जातींवर बंदी घालायला राज्यांना सांगितले. महिनाभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केले, कारण संबंधितांचे म्हणणेच ऐकून घेतलेले नव्हते. जातींची यादी करणे सोपे. पिंजऱ्यांची यादी करायला उन्हातून हिंडावे लागते. शिवाय जात ही निव्वळ थोतांड आहे असे मी मानीत नाही. दिवाळी सरली की फलटण-बारामतीकडचे धनगर मेंढरे घेऊन पुण्याच्या वाटेने कोकणाकडे उतरतात. त्यांच्या कळपाबरोबरचे कुत्रे पाहा. कोणते पिल्लू ठेवायचे हे धनगर ठरवतो ते कामावरून: लांडग्याच्या वाऱ्यावर उठते का, कोकरात दात घालत नाही ना, दिवसाला कोसन्‌कोस चालते का. तीही निवडच आहे, पैदासच आहे. तिच्यात फक्त आरसा नाही.

हल्ली एक नवी पळवाट निघाली आहे, ती स्वदेशीची. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी जातींची कुत्री पाळा असे सांगितले, आणि मुधोळ, कारवानी ही नावे शहरातल्या तोंडी आली. अभिमान वाटावा अशीच ही जात आहे. मुधोळ आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात. पूर्वी ते घोरपड्यांचे संस्थान. राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनी ही कुत्री निगुतीने वाढवली आणि पंचम जॉर्ज बादशहाला त्यांची जोडी भेट दिली. टपाल खात्याने २००५ साली तिचे तिकीट काढले, आणि पुढे लष्करानेही ती शिकवून पाहिली. पण ही जात कशासाठी घडली? उघड्या माळावर सशामागे धावण्यासाठी. शिकार तर वन्यजीव कायद्याने बंद झाली. ती बंद झाली हे उत्तमच. परंतु त्या लांब पायांतली धाव कायद्याने बंद होत नाही. तिला अकराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत बांधून ‘आम्ही स्वदेशी’ म्हणवून घेणे ही हस्कीचीच दुसरी आवृत्ती. आणि पिंजरे तेच! काल जो लॅब्रेडॉर विकत होता, तोच आज मुधोळ विकतो. त्याच पत्र्याखाली, त्याच जाळीवर. देशी कुत्रीच्या कोपरांना जाळी कमी टोचते की काय?

मला असाही एक माणूस माहीत आहे, जो घरी जर्मन शेफर्ड वाढवतो. दोन माद्या, तिसरी नाही. मी पिल्लू घ्यायला नव्हे, नुसता बघायला गेलो, तर त्याने माझीच उलटतपासणी घेतली: घर भाड्याचे की स्वतःचे, दिवसा घरी कोण असते, बदली होते का, बायकोची इच्छा आहे की तुमचीच, गावी जाता तेव्हा कुत्र्याचे काय करणार. आमच्या मुलीच्या सोयरिकीत व्याह्यांनी इतके विचारले नव्हते. त्याच्या माद्या अंगणात सैल हिंडत होत्या, माझ्या हाताचा वास घेत होत्या. दोघींच्या एक्स-रेंची पाकिटे कपाटात होती. त्याच्या पिल्लाला वर्षभर वाट पाहावी लागते आणि किंमत दुप्पट पडते. आणि त्याची एक अट लेखी असते: पुढे कधी कुत्रे सांभाळता आले नाही, तर ते रस्त्यावर सोडायचे नाही, दुसऱ्याला विकायचे नाही, त्याच्याकडेच परत आणायचे, मग ते दहा वर्षांचे का असेना. ह्या एका अटीपुढे भिंतीवरचे सारे चषक मला फिके वाटले. विकलेल्या जिवाची जबाबदारी विकल्यानंतरही संपत नाही असे मानणारा व्यापारी दुसऱ्या कुठल्या धंद्यात मी पाहिलेला नाही.

कारण परत आणण्याची वेळ येते, आणि खराडीत ती फार येते. नोकरी बंगळूरला जाते, बाळ होते, सासूबाईंना दमा असतो, भाड्याच्या घराचा मालक नको म्हणतो. मग रात्रीच्या वेळी नदीच्या बाजूला गाडी थांबते. सकाळी शाळेत जाताना मला दिसतो तो गळ्यात पट्टा असलेला, अंगाला अजून शांपूचा वास असलेला, प्रत्येक पांढऱ्या गाडीमागे थोडे धावून परत जागेवर येऊन बसणारा कुत्रा. गावठी कुत्र्याला रस्ता ठाऊक असतो, कुठल्या हातगाडीशी कधी उभे राहायचे हे ठाऊक असते. ह्याला फक्त ताटली ठाऊक असते. सोडून देणे हाही १९६०च्या कायद्याने गुन्हाच आहे. दंड वर सांगितलाच आहे. २०२५ साली रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, देशभर दोन तट पडले, आमच्या शिक्षकांच्या खोलीतही पडले. पण ह्या रस्त्यावर पट्ट्यासकट उतरवल्या जाणाऱ्यांविषयी मी फारसे काही ऐकले नाही.

दत्ताच्या पायाशी चार कुत्री आपण रोज पाहतो. खंडोबाबरोबर कुत्रे असते. युधिष्ठिराने कुत्र्यासाठी स्वर्गाचे दार अडवून धरले, तेव्हा इंद्राने बरेच वाद घातले, पण त्याची वंशावळ काही विचारली नाही. हे सारे आमच्या देवघरात आहे, आणि मागच्या शेडमध्ये ती जाळी आहे.

तेव्हा माझे भांडण इतकेच आहे, आणि ते ह्या आठवड्यापुरते आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पिल्लू घरी आणू नका. आईपासून नुकते तोडलेले पोर, नवे घर, आणि त्या रात्री चहूबाजूंनी फटाके; ह्याहून वाईट मुहूर्त पंचांग उलटेपालटे करूनही सापडायचा नाही. आणायचेच असेल तर तुळशीची लग्ने होऊन जाऊ द्या. मग एखाद्या रविवारी, आगाऊ न कळवता, दिवसाउजेडी जा. नोंदणीचा कागद मागा, एक्स-रे मागा; पण त्याही आधी आई दाखवा म्हणा. फोटो नव्हे, आई. आणि ती जिथे राहते ती जागा. ‘फार्मवर आहे’ म्हणाला, तर फार्मचा पत्ता घ्या आणि तिथे जा. पत्ता नसेल, तर चहाही न घेता परत फिरा. आणि मुलांना त्या दिवशी घरीच ठेवा. पिल्लू एकदा त्यांच्या मांडीवर बसले की घासाघीस संपते, हे विकणाराला आपल्याआधी ठाऊक असते.